योगिताचा उपास

१

हर्षदा सोनवणेचा दिवस दुर्बिणीच्या खोलीत सुरू व्हायचा. सकाळी आठला यायचं, केस टोपीत कोंबायचे, लांब काळ्या नळीसारखी दुर्बीण पुसून टांगायची, चिमटे आणि जाळ्या ट्रेमध्ये लावायच्या. तोंडातून दुर्बीण पोटात सोडायची आणि अडकलेलं बाहेर काढायचं, हे या खोलीचं काम. पोरांनी गिळलेली नाणी, म्हाताऱ्यांच्या कवळ्या, माशाचे काटे. सुरतेतल्या उधन्याच्या त्या दवाखान्यात नर्स म्हणून तिला सोळा वर्षं झाली होती आणि पोटातून काय निघेल याचं नवल तिला उरलं नव्हतं.

योगिताचंही उरलं नव्हतं. नवागामच्या एका खोलीत राहणारी, साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घरी आणून करणारी ही छत्तीस वर्षांची बाई चार वर्षांत अकराव्यांदा आली होती. सुया, पिना, घड्याळाचा सेल, एकदा तर कुकरची शिट्टी. दोनदा पोट कापावं लागलं होतं. आतडी एकमेकांना चिकटली आहेत, तिसऱ्यांदा कापलं तर टेबलावरून उठायची नाही, असं डॉक्टर हितेश यांनी तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. मानसोपचाराच्या निशाबेन तिच्याशी जीव लावून बोलायच्या, गोळ्या द्यायच्या. गोळ्यांनी झोप यायची. गिळणं थांबायचं नाही.

या खेपेला पाच वस्तू होत्या. चमच्याचा दांडा, केसांच्या दोन पिना, नेलकटर, कुलपाची किल्ली. एक्स-रे काढणारे छगनभाई चित्र पडद्यावर आलं तरी बटण दाबत नव्हते, म्हणून हर्षदा त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

पोटात गेलेल्या वस्तू तळाशी ढीग करून पडतात. योगिताच्या पोटात त्या ओळीने होत्या. लहान आधी, मोठी शेवटी, मधलं अंतर सारखं. शेल्फावर मांडाव्यात तशा.

हर्षदाने योगिताला डाव्या कुशीवर वळवलं आणि पुन्हा फोटो घ्यायला लावला. तीच ओळ, तोच क्रम.

दोन ऑपरेशनांचे व्रण आहेत, तिने मनाशी म्हटलं. आत वळ्या पडल्या असतील, वस्तू वळ्यांत बसल्या असतील. वळ्या सारख्या अंतराने पडू शकतात.

"मशीन तो बराबर छे, बेन," छगनभाई म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

२

डॉक्टर हितेश वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. योगिताला गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर ती समोर पडलेली असतानाच ते म्हणाले की आपण रिकामं करायचं आणि हिने भरायचं, असं किती दिवस चालणार.  जाळीची दोरी हर्षदाच्या हातात होती.

पिना निघाल्या, किल्ली निघाली, नेलकटर निघालं. दांडा जाळीत आला, अर्धा वर आला, आणि परत गेला.

डॉक्टरांनी पुन्हा पकडला. पुन्हा गेला. पोट आकसतं आणि वस्तू धरून ठेवतं, हे हर्षदाला ठाऊक होतं. पण आकसलेलं पोट धरतं ते धरूनच राहतं. तिच्या बोटांना जे लागलं ते निराळं होतं. दोन छोटे हिसके, मग थांबणं, मग अंदाज घेऊन तिसरा. पतंग काटाकाटीला आला की समोरचा मांजा बोटांना कळतो, तसं.

डॉक्टरांनी दुर्बीण काढून घेतली. सूज आहे, चार दिवसांनी बघू, म्हणाले. तोवर खोली रिकामी करा, सुटी वस्तू एकही नको, माणूस सतत समोर पाहिजे, तोंडाने काही नाही, फक्त सलाइन.

समोर बसायला कुणी तयार नव्हतं. चहाच्या वेळी बाकीच्या सिस्टर उघडच बोलल्या की असल्या बाईने खाट अडवायची आणि खरे पेशंट व्हरांड्यात झोपवायचे. रंजना म्हणाली, तिला लक्ष वेधून घ्यायचंय, बाकी काही नाही.

"लक्ष वेधायला कुणी दोनदा पोट फाडून घेत नाही," हर्षदा म्हणाली. "मी बसते. आणि खरे पेशंट म्हणजे कोण, ते मला कुणी लिहून द्या."

लिहून कुणी दिलं नाही. पण दिवसाची पाळी तिच्या नावावर पडली, आणि रात्रीची, नाक मुरडत, रंजनाच्या.

३

खोलीत खाट, गादी, सलाइनचा स्टँड आणि हर्षदाची खुर्ची राहिली. खिडकीच्या कडीचा स्क्रूसुद्धा वॉर्डबॉयने काढून नेला. हर्षदाने स्वतःच्या कानातले, घड्याळ, पेन बाहेर ठेवलं. खाटेच्या पायाशी 'उपाशी ठेवणे' अशी पाटी लावली, तीही पुठ्ठ्याची, दोऱ्याने बांधलेली. भिंतीपलीकडे कुणाचं तरी लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, खातं होतं, त्याची खटखट दिवसभर खोलीत यायची. पहिल्या अर्ध्या तासानंतर ती कानाला लागेनाशी होई.

दर तासाला टॉर्च लावून तोंड तपासायचं, असा नियम होता. हर्षदाने पहिल्याच दिवशी दातांचा तक्ता भरला. अठ्ठावीस दात, सगळे घट्ट. पाय पुसताना तिला दिसलं की योगिताच्या पायाच्या बोटांना नखं नाहीत. जखमही नव्हती. जिथे नख असायचं तिथे गुळगुळीत गुलाबी कातडी.

कधी गेली, असं तिने विचारलं. योगिताने पाय चादरीखाली ओढून घेतले.

दुपारपर्यंत ती गप्प होती. मग हर्षदाच्या घरचे मूळचे जळगावकडचे आहेत हे कळल्यावर तिची जीभ सुटली आणि ती घरच्या बोलीत, अहिराणीत, बोलायला लागली. माहेर अमळनेरजवळ, लग्न होऊन सुरतेत आली, नवरा ललित लूमवर, दोन पोरी गावी आजीकडे शिकतात. आपल्याजवळ मुद्दामच ठेवल्या नाहीत, एवढं म्हणाली. हर्षदाने मग सरळच विचारलं, की पोटात दुखतं, मरण समोर दिसतं, तरी का गिळतेस.

योगिताने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"मी गिळत नही, ताई. ते मांगस, मी देस."

"आणि नाही दिलं तर?"

योगिताने चादरीखाली पाय आणखी जवळ घेतले.

आजारात माणसाला असं वाटतं, हे हर्षदाने निशाबेनकडून ऐकलं होतं. आवाज येतात, हुकूम होतात. यात नवीन काही नव्हतं. तरी तास भरला तेव्हा टॉर्च तोंडात धरताना तिचा हात पुरता आत जाईना.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या फोटोत पोटात फक्त दांडा होता. दुपारी दोनच्या फोटोत दांडा होता आणि त्याच्या डाव्या बाजूला, नेमक्या अंतरावर, एक दाढ.

हर्षदाने योगिताचं तोंड उघडलं. खालची डावी दाढ नव्हती. रक्त नव्हतं. हिरडी मिटलेली, कोरडी, दाढ पडून वर्ष झाल्यासारखी. एक वाजता हर्षदानेच टॉर्च लावून दात मोजले होते. अठ्ठावीस.

एक ते दोन ती खुर्चीतून उठली नव्हती. तिने तो तास पुन्हा पुन्हा मनात चालवून पाहिला. योगिता पाठीवर पडलेली, दोन्ही हात चादरीवर, डोळे छताकडे. एकदा तिने आवंढा गिळला होता. फक्त एकदा, आणि गिळताना तिचा चेहरा कुणी चिमटा काढावा तसा आकसला होता.

आपण डुलकी घेतली असेल का? हर्षदाने स्वतःला हे प्रामाणिकपणे विचारलं. सोळा वर्षांत घेतली नव्हती, पण म्हणून आज घेतली नसेल असं नाही. डुलकीत बाईने दाढ उपटली, गिळली. ठीक. मग रक्त?

डॉक्टर हितेश यांना रक्ताशी कर्तव्य नव्हतं. समोर नर्स बसलेली असताना पेशंटने दाढ गिळली, हे वर कळलं तर सगळेच अडचणीत येतील. त्यांनी समजुतीने सांगितलं की सिस्टर पाच मिनिटं बाहेर गेल्या होत्या असं लिहा, प्रकरण मिटेल.

"मी गेले नव्हते," हर्षदा म्हणाली.

"मग काय लिहिणार तुम्ही?"

"घडलं ते."

तिने लिहिलं. एक वाजता दात अठ्ठावीस, दोन वाजता सत्तावीस, मधल्या वेळात पेशंटचा हात तोंडाकडे गेला नाही, मी पूर्ण वेळ समोर होते. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. डॉक्टरांनी पान वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि पान उलटं करून ठेवलं.

५

बुधवारी सकाळी लूमची वीज गेली आणि भिंतीपलीकडची खटखट थांबली. हर्षदा तेव्हा योगिताच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांची हालचाल ऐकत होती, रोजच्या तपासणीतलं काम. उपाशी पोटात गुरगुर ऐकू येते. तिला आधी गुरगुर आली. मग एक बारीक टिंग. मग घासत सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा टिंग.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. घरोघरी ऐकू येणारा. भांडी घासून झाली की कुणीतरी ती एकेक करून मांडतं, एखादं मनासारखं बसत नाही, म्हणून उचलून पुन्हा ठेवतं.

दांडा एक, दाढ एक. दोन वस्तू एकमेकींवर आपटतात, तिने स्वतःला सांगितलं. आपटू दे.

योगिता तिच्याकडेच पाहत होती.

"आयकं ना ताई तुम्ही?" ती म्हणाली. कुणीतरी ऐकलं, एवढ्यानेच तिचे डोळे भरून आले. मग तिने डोळे पुसले, आणि हर्षदाने आजवर पाहिली नव्हती अशी ती उठून ताठ बसली. म्हणाली की चार वर्षं भिऊन दिलं. आता देणार नाही. लोखंड नाही, अन्नही नाही. त्याला भूक लागते ना, मग लागू दे. माहेरी तीन भावंडांत एक भाकरी वाटून घेतलेली ती बाई होती. सासरी आल्यावर पहिली दोन वर्षं लूम बंद पडला की आठ-आठ दिवस चहावर काढलेली.

"उपाशी रहानं माले नवं नही," ती म्हणाली. "त्याले नवं शे. देखू कोन जास्त टिकस ते."

त्या दुपारी दुसरी दाढ गेली. गेली तेव्हा योगिताने हर्षदाचा हात धरला होता, आणि हर्षदाला तिच्या हातातून तो झटका कळला, आतून एखादं रोप उपटावं तसा. योगिता ओरडली नाही. थोड्या वेळाने ती थंडपणे म्हणाली, घेऊ दे.

गुरुवारी डॉक्टरांचं मत बदललं. रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं. दांडा नंतर बघू, आधी नळी घालून दूध सुरू करा, म्हणाले. योगिता नको म्हणाली. हर्षदाने पाटी काढायला नकार दिला. पेशंट शुद्धीत आहे, ती नको म्हणतेय, उद्या सकाळी दुर्बीण ठरली आहे, तोवर मी सलाइनमधून पोटॅशियम देते आणि दर चार तासांनी रक्त तपासते, पण हिच्या नाकात जबरदस्तीने नळी माझ्या हातून जाणार नाही. निशाबेन तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत, आणि जे होईल ते तुमच्यावर.

संध्याकाळी ती व्हरांड्यात आली तर ललित उभा होता. नेहमी मान खाली घालून येणारा, हडकुळा, कानात लूमचा कापूस अडकलेला माणूस. त्याने वर्तमानपत्राची पुडी तिच्या हातात कोंबली. आत स्टीलचा चमचा होता.

"तिले द्या, ताई," तो म्हणाला. "हात जोडस."

हर्षदाला आधी संताप आला. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तो रडत सांगत होता की घरी तोच तिच्या उशाशी रोज काहीतरी ठेवायचा. पिन, सेल, हाताला लागेल ते. एकदा गावी गेला आणि चार दिवस ठेवायचं राहिलं. परत आला तर तिच्या पायाला नखं नव्हती.

"तुम्ही ऐकलंय ते?" हर्षदाने विचारलं.

ललितने होकाराची मान हलवली. रोज पाठीला पाठ लावून झोपतो, म्हणाला.

तिने पुडी त्याच्या खिशात परत घातली. तुमची बायको लढतेय, म्हणाली, आणि तुम्ही समोरच्याला रसद पुरवताय. घरी जा, किंवा तिच्याजवळ जाऊन बसा. ललितने पुडी खिशातून काढून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली. मग आत गेला आणि खाटेच्या कडेवर टेकला. रिकाम्या हातांनी.

६

शुक्रवारी अकरा वाजता योगिताला टेबलावर घेतलं. तिसरी दाढ पहाटे रंजनाच्या पाळीत गेली होती, आणि रंजना त्या सकाळी कुणाशी न बोलता घरी निघून गेली होती.

दुर्बीण घशातून उतरली. पडद्यावर पोट आलं. चार दिवस रिकामं, ओलं, फिकट गुलाबी. दांडा वरच पडला होता, घशाच्या वाटेला लागून, कुणी आणून ठेवल्यासारखा. डॉक्टरांनी जाळी टाकली. दांडा अलगद आला. कुणी ओढलं नाही.

"सूज उतरली," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात हायसं वाटलेलं ऐकू आलं.

दाढा शोधायच्या होत्या. तळाशी नव्हत्या. वळ्यांत नव्हत्या. त्यांनी दुर्बीण आणखी पुढे नेली, जिथे जठर संपून आतडं सुरू होतं तिथे. तिथे एक गोल छिद्र असतं, उघडतं, मिटतं. डॉक्टर लोक त्याला जठराचं तोंडच म्हणतात.

ते मिटलेलं होतं. प्रकाश पडल्यावर हळूहळू उघडलं.

कडेला दात होते. ओळीने, सारख्या अंतराने, गुलाबी मांसात घट्ट बसलेले. योगिताच्या तीन दाढा गेल्या होत्या. हर्षदाने पाहिलं तेवढ्यात तिला तीन ओळखू आल्या, आणि त्यांच्या बाजूला आणखी होते, बारीक, पातळ, अर्धचंद्रासारखे, पायाच्या नखांएवढे.

मग ते मिटलं. मिटताना दुर्बिणीच्या टोकावर टक् असा आवाज झाला, तो नळीतून वर आला आणि खोलीतल्या तिघांनीही ऐकला. तिसरा माणूस भूल देणारे डॉक्टर होते. ते भिंतीकडे बघत राहिले.

डॉक्टर हितेश यांनी दुर्बीण बाहेर काढली. टोकाच्या काचेला बारीक ओरखडा पडला होता. त्यांनी ग्लोव्ह्ज काढले, हात धुतले, बराच वेळ धुतले. मग रिपोर्ट सांगायला लागले. वस्तू काढली, जठर नॉर्मल, दाढा पुढे सरकून गेल्या असाव्यात.

"सर, मी पाहिलंय," हर्षदा म्हणाली.

"मी नाही पाहिलं," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, विनंती करत होते.

तिने स्वतःच्या नोंदीत लिहिलं. जठराच्या खालच्या तोंडाशी दात दिसले, संख्या मोजता आली नाही. सही केली. पुढच्या आठवड्यात तिला मेमो मिळाला आणि दुर्बिणीच्या खोलीतून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. नोंद मागे घ्या, खोली परत देतो, असा निरोप दोनदा आला. तिने मागे घेतली नाही.

७

योगिता पुन्हा दवाखान्यात आली नाही. एक महिना गेला, दोन गेले. मेच्या एका रविवारी ललितचा फोन आला की ताई, जेवायला या, ती बोलावतेय.

नवागामच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूम चालू होते. खोली पहिल्या मजल्यावर होती, दहा बाय दहा, निळ्या रंगाची, उन्हाने तापलेली. हर्षदाला आधी शेल्फ दिसलं. चमचे, वाट्या, धागे कापायच्या कात्र्या, पिनांचा डबा, सगळं उघड्यावर, हाताच्या अंतरावर. योगिता भरली होती. गालांवर मांस आलं होतं. हसली तेव्हा डाव्या बाजूची रिकामी जागा दिसली, आणि ती लपवायला तिने पदर घेतला नाही.

शेवेची भाजी होती, भाकरी, भात, कांदा. योगिताने तीन ताटं वाढली. ललितने आपलं ताट उचललं आणि तो जिन्यावर जाऊन बसला. तो आता बाहेरच जेवतो, योगिताने सांगितलं. दोन घरं पलीकडच्या बाईंना वाटतं भांडण झालंय.

पोरी जूनमध्ये इथल्या शाळेत येणार, म्हणाली. नाव घातलंय.

तिने भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग हात ताटावर ठेवून थांबली. हर्षदाचाही घास हातातच राहिला.

योगिताचं तोंड मिटलेलं होतं, जबडा स्थिर होता. आणि चावण्याचा आवाज येत होता. लूमच्या खटखटीखालून, पदराआडून, बारीक, नेटका, घाईचा. थोडा वेळ चालला. मग थांबला. मग दोनदा, कोरडं, रिकामं, दातावर दात.

हर्षदाला उठून जिन्यापर्यंत पोहोचायला चार पावलं लागली असती. ती मनात मोजून झाली होती. ती उठली नाही.

पुन्हा वाजलं, या वेळी जोरात. शेल्फावरचा एक चमचा किंचित सरकल्यासारखा हर्षदाला वाटला, पण खालच्या लूमने सगळी इमारतच थरथरत होती.

योगिताने शेल्फाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने ताटात भात कालवला, चांगला मोठा घास केला, आणि हट्टी पोराला दटावावं तसं स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाली, "घरमा जे शिजी, तेच खावानं."

आणि घास तोंडात घातला.